अव्वाचा तळहात

आमची आई, अव्वा, गेली त्याला महिना झाला. भांड्यांची, इरकल साड्यांची वाटणी चालली होती. बहिणीनं विचारलं, "अण्णा, अव्वाच्या गळ्यातली लिंगाची डबी कुटं हाय?" आम्हा लिंगायतांत माती देताना चांदीच्या डबीतलं लिंग मृताच्या तळहातावर ठेवतात. थोरला म्हणून ते काम माझं. पण डबी मलाच हवी होती, म्हणून मी ती आधीच खिशात टाकली होती. माती देताना स्वामींनी "लिंग ठेवलं का?" विचारलं तेव्हा ती सगळ्यांसमोर बाहेर काढवेना. "ठेवलं," म्हणालो. "अण्णानं डबीसकट दिलं असंल," आता धाकटा भाऊ बहिणीला म्हणाला. "मास्तर हाय की, चांदीचा मोह कुटला!" बहिणीनं अव्वाच्या पाटल्या माझ्यापुढं सरकवल्या. "मग ह्या तुलाच." मला हात लाववेना. आतून डबी आणून मी तिच्यासमोर उघडली. लिंग आतच होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला; चांदीकडं पाहिलंही नाही. "मग अव्वा मोकळ्या हातानंच गेली व्हय?"