सुरुवातीची फ्लॉपी

हितेशने बटण दाबलं. पंखा घरघरला, मशीनने आपली मेमरी मोजून घेतली, फ्लॉपीच्या फटीशेजारचा लाल दिवा लागला, आतून खर्र-खर्र आवाज आला आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली. सुरुवातीची फ्लॉपी घाला आणि कुठलंही बटण दाबा.

मागे उभ्या धोंडुबाईने विचारलं, "माजा नाव आला का रं?"

"नाय काकी. थांबा जरा."

सकाळपासून तो हेच सांगत होता.

हितेश आणि तिचा मुलगा अमोल, दोघेही रोह्याच्या एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचे. कंपनीने जुनं मशीन मोडीत काढलं तेव्हा अमोलने ते पोत्यात गुंडाळून गाडीने जिते स्टेशनावर उतरवलं आणि खाडीकाठच्या या घरात आणून मांडलं. त्यात हार्ड डिस्क नव्हती. बटण दाबलं की त्याला स्वतःचं म्हणून एवढंच कळायचं, की फ्लॉपी शोधायची. फ्लॉपीच्या पहिल्याच वळशावर एक इवलासा प्रोग्रॅम असतो. त्याचं काम एकच, मोठ्या सिस्टिमला हाक मारून आत आणायचं. ती आली की मशीन माणसात येतं. अमोलने हे सगळं आईला असं समजावलं होतं, जणू तिचीच परीक्षा होती. आणि त्या फ्लॉपीवर आपल्या हाताने एक ओळ घालून ठेवली होती. मशीन उठलं की ती आपसूक इंग्रजी अक्षरांत उमटायची: धोंडुबाई, चहा ठेवा. तिला वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाचं सुपासारखं पहिलं अक्षर तिने हेरून ठेवलं होतं. ते दिसलं की ती चूल पेटवायला उठायची, आणि आईला नावाने हाक मारतो म्हणून पोराला चार शिव्याही घालायची.

श्रावणातल्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. माती टाकायला गेलेल्यांत अमोल होता. बाकीचे परत आले.

आता तिचं एवढंच मागणं होतं. नाव एकदा दिसू दे, मग मशीन खुशाल घेऊन जा, कंपनीला दे नाहीतर खाडीत टाक, असं तिने हितेशला निरोपातच कळवलं होतं.

हितेशने फ्लॉपी बाहेर काढून खिडकीशी धरली. काळ्या पाकिटाला एक लांबट फट असते, तिथे आतली तबकडी उघडी दिसते. नेमकं तिथेच, पहिला वळसा असतो त्या कडेला, कुंकवाचं बोट होतं. ओलं करून लावलेलं, आता वाळून घट्ट झालेलं. मशीनमध्ये फिरून फिरून तबकडीवर त्याचा गोल ओरखडा उमटला होता. मग त्याचं बाकीच्या मशीनकडे लक्ष गेलं. पडद्याच्या काठाला, बटणांना, वायरीलासुद्धा हळदकुंकू होतं. पोर गेल्याचं वर्ष, घरात सण नव्हता, दाराला तोरण नव्हतं. पण दसऱ्याला अमोलच्या मशीनची पूजा तेवढी तिने चुकवली नव्हती, आणि ज्या तबकडीत पोराचा जीव होता तिला पहिला मान दिला होता.

हितेशने मान वर केली, तर अमोलचे वडील दत्तात्रेय कोपऱ्यातून त्याच्याकडेच बघत होते. मिठागरावर जन्म गेलेला माणूस, बोलणं मुळात कमी. त्यांनी हळूच मान हलवली. सांगू नकोस.

हितेशने पिशवीतून स्वतःची फ्लॉपी काढली आणि घातली. मशीन लगेच उठलं. रिकाम्या पडद्यावर एक रेघ नुसती लुकलुकत राहिली. त्याने घाईघाईने ती ओळ टाइप केली आणि बाजूला सरकला.

धोंडुबाई पुढे आली. सुपासारख्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिली.

"यो तू लिवलास."

हितेश म्हणाला, की हीच ओळ या फ्लॉपीत घालून देतो, उद्यापासून मशीन लावलं की आपसूक येईल, अगदी तशीच.

"येल," ती म्हणाली. "पन हाक मारनारा तूच असशील ना रं मंग."

तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने अमोलच्या फ्लॉपीसाठी हात पुढे केला आणि विचारलं, काय झालं हिला.

"ओल लागली काकी. खाडीची हवा ही. कुणाचा दोष नाय."

तिला ते पटलं. त्या घरात ओल पापडांना सोडत नव्हती की तांदळाला. दत्तात्रेय उठून अंगणात गेले.

फ्लॉपी तिने अमोलच्या फोटोपुढे ठेवली. कोनाड्यातला करंडा काढला, बोट पाण्यात बुडवलं, कुंकू घेतलं आणि पुन्हा त्याच जागी टेकवलं. हितेशचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच खाली आला.

"उद्या कडक ऊन दावते याला," धोंडुबाई म्हणाली. "सुकला का येल माजा नाव."