दोन बोटं माया

"उसव तो," बाप म्हणाला आणि शाळेचा निळा स्कर्ट त्याने मुलीच्या पुढ्यात टाकला. "कापड चांगलं आहे. मशीनवर घालायला होईल."

मुलीने ब्लेड उचललं. सातवी झाली, आता बस्स, असं वस्तीतल्या थोरल्यांनी परवा घरी येऊन सांगितलं होतं. शाळा बाजारापलीकडे, पोरगी वयात आलेली, नसतं लचांड कशाला? सगळी वस्ती त्यांना थोरलेच म्हणे आणि त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. बापानेही नंदीबैलासारखी मान डोलावली होती. मुलीला त्या मानेचाच जास्त राग आला होता.

थोरले आत्ता दुकानातच उभे होते, कोटाचं माप द्यायला, दोन्ही हात पसरून. "शहाणा आहेस मास्तर," ते म्हणाले. "पोरीच्या जातीला शिवण आली की झालं!"

"बेचाळीस," बाप टेप बघून म्हणाला. 

मुलगी डोळे पुसत उसवत राहिली. मेला हा स्कर्ट! बाबांनीच शिवलेला, दोन वर्षं अंगावर वागवला, पण घेर कसला जड! मैत्रिणी विचारायच्या, आत दगड भरलेत का गं?

वाढत्या अंगासाठी शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. या मास्तरची माया मोजून दोन बोटं. तिसरं बोट मागितलं की तो कापडच परत करायचा. बायका तोंडावर म्हणायच्या, "मास्तर, जरा माया वाढवा की!" तो हसायचासुद्धा नाही.

खालची पट्टी सुटली आणि मुलीचा हात थांबला. आत घडीखाली घडी होती. चांगलं वीतभर कापड. प्रत्येक घडीवर पांढऱ्या दोऱ्याने बारीक आकडा घातलेला. आठ. नऊ. दहा.

"बाबा, हे कसलं माप? इंच?"

बापाच्या हातातली टेप तशीच राहिली.  थोरल्यांनी मनात आणलं, तर उद्यापासून दुकानात चिटपाखरूही फिरकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"इयत्ता," तो म्हणाला.

थोरल्यांचे हात खाली आले. "मग परवा मान कशाला हलवलीस?"

"घाबरलो होतो. अजूनही घाबरलोय."

"घाबरच तू!" थोरल्यांनी कोटाचं कापड बगलेत मारलं आणि ते पायऱ्या उतरले. खाली दोघी बायका पिशव्या घेऊन येत होत्या. थोरले त्यांच्याशी काहीतरी बोलले. त्या तिथूनच माघारी वळल्या.

बाप सुईत दोरा ओवायला बसला. दोनदा नेम चुकला. मग त्याने सुईदोरा मुलीच्या हातात दिला.

"सगळं उसवू नकोस," तो म्हणाला. "आठची घडी तेवढी मोकळी कर. बाकीची माया राहू दे."