रिकामा चाप

आप्पा खोतांच्या खाटेशी बसून मी त्यांच्या जुन्या विलायती रायफलची चापाखालची लिव्हर खाली ओढली, वर दाबली आणि आत गोळी नसताना रिकामा चाप ओढला. अर्धांगवायूनं जीभ गेलेले आप्पा नुसतेच कण्हले.

चाळीस वर्षं मी त्यांच्या शिकारीसाठी रान उठवलं. बंदूक माझ्याच खांद्यावर, पण लिव्हरला बोट लावायची बंदी. "लुम्या, रिकामा चाप ओढलास तर आतली पिन मोडेल. मग मी तुझा हात मोडीन." त्या लिव्हरची खडखड त्यांना बायकोच्या हाकेपेक्षा गोड. एकदा डुक्कर समजून त्यांनी गोळीनं माझी मांडी फोडली. मी चिखलात ओरडत होतो आणि हा माणूस आधी लिव्हरमधला चिखल पुसत बसला. तेव्हापासून मी लंगडतो.

आज त्यांच्या सुनेनं मला बोलावलं. बंदूक महिनाअखेरीला पोलीस ठाण्यात जमा करायचीय, तोवर पुसूनबिसून ठेवा, म्हणाली.

मी पुन्हा चाप ओढला. पुन्हा. आप्पांच्या डोळ्यांतलं पाणी उशीवर गळलं.

सून चहा घेऊन आली. "लुमाकाका, तुम्हाला बघून किती भरून आलंय त्यांना. रोज येत जा हो."

"येतो की," मी म्हणालो.