भरिताची व्याख्या

धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रेमराजने सात वर्षं खपून एक भाषा बनवली होती. तिच्यात एखाद्या गोष्टीची व्याख्या नियमांत बसवली, की जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला त्या गोष्टीचा अर्थ एकसारखाच कळायचा. ही भाषा वापरणारा माणूस आजवर एकच सापडला होता, तोही प्रेमराजच.

सोमवारी पुण्याहून तज्ज्ञ बघायला येणार होते, म्हणून त्याने नमुन्याला खानदेशी भरीत घेतलं. सोनगीरचं घर सोडून सात वर्षांपूर्वी त्याच्या फ्लॅटवर राहायला आलेली आई, भिकुबाई, सांगत गेली आणि तो नियम लिहीत गेला. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. सगळं लिहून झाल्यावर परीक्षा म्हणून त्याने आईने आज वाढलेल्या भरिताची माहिती भरली. गॅसवर भाजलं, मिक्सरमधून काढलं.

स्क्रीनवर उत्तर उमटलं, 'हे भरीत नाही.'

प्रेमराज असा ओशाळला, की घाईघाईने स्वतःचेच नियम खोडायला बसला. "माय, त्या मशीनले काय समजस? तुनं भरीत एकदम गावसारखंच शे."

भिकुबाईने त्याचा हात धरला.

 

"राहू दे, भाऊ. सात वरीसपाईन तू बोटं चाटीसन हेच म्हनस. खरं काय ते तुना मशीनले न खाताच समजनं."