फुलचूरपर्यंत दिसते

"फोन हिच्याजवळ द्या," गोवर्धनराव म्हणाले आणि आपला फोन त्यांनी सगळ्यांच्या आधी बायकोच्या पदरात टाकला.

गोंदियातल्या मीना बाजाराचा शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी आकाशझुला खोलून ट्रकवर चढणार होता. झुलेवाला भोंग्यावरून घसा फोडत होता, "मोबाइल, कॅमेरा नीचे छोड़ के बैठिए. गिरा तो हमारी जिम्मेदारी नहीं." काल कोणाचा तरी फोन वरून पडला होता आणि असा फुटला होता, की त्याचं सिमसुद्धा सापडलं नव्हतं. म्हणून मुलाने, रोशनने, लग्नांच्या शूटिंगचा आपला कॅमेरा आईच्या गळ्यात अडकवला. सुनेने, हर्षाने, आपला आणि नवऱ्याचा फोन रुमालात गुंडाळून तिच्या हाती दिला. बघता बघता बाकड्यावर बसलेल्या प्रेमिलाबाईंचं मोबाइलचं दुकान झालं.

"आई, तुम्ही पण चला ना," हर्षा म्हणाली.

"तिले चक्कर येते," गोवर्धनराव म्हणाले.

हे घरात ठरलेलं होतं. गंमत एवढीच, की बाई आजवर एकदाही झुल्यात बसल्या नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच मीना बाजारात नवऱ्याने सांगितलं की तुला चक्कर येईल, आणि तेव्हापासून ती न बसताच येत होती. तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या चपला सांभाळल्या, पुढे रोशनला सांभाळलं, आता फोन.

वर जायची हौस मात्र दांडगी होती. दरवर्षी गोवर्धनराव उतरले की त्या विचारत, "काय दिसलं जी?" ते मिशीवरून हात फिरवत. "पार गावाबाहेरच्या फुलचूरपर्यंत दिसते. आपलं घर दिसते. तू वाळू घातलेलं लुगडं दिसते." त्या घरात उभी हयात गेली होती. ते वरून कसं दिसतं, हे प्रेमिलाबाईंना एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि आजचा दिवस मावळला की पुन्हा वर्षभर खोळंबा होता.

पोरगा आणि सून एका पाळण्यात बसले. मागच्या पाळण्यात गोवर्धनराव एकटेच, पाय पसरून, गावच्या पाटलासारखे. झुला दोन-तीनदा फिरला आणि नवे लोक बसवायला थांबला. गोवर्धनरावांचा पाळणा नेमका टोकावर राहिला.

तेवढ्यात पदरातला फोन वाजला. गोवर्धनरावांचाच होता. पडद्यावर नाव आलं, 'छोटा फोन'. प्रेमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. धानाच्या धंद्यासाठी हा माणूस बटणांचा एक छोटा फोन बंडीच्या खिशात ठेवतो. लोकांना शहाणपण सांगून तो मात्र तसाच घेऊन वर गेला होता.

"प्रेमिला," आवाज अगदी बारीक झाला होता. "झुलेवाल्याले सांग, मले उतरव म्हणा. चक्कर येऊन राहिली मले."

प्रेमिलाबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी वर बघितलं. पाळण्याच्या कडेला चिकटलेला पांढरा सदरा तेवढा दिसत होता.

"खाली पाहू नका," त्या म्हणाल्या. "दूर पाहा, फुलचूरकडं."

"कसा पाहू? डोळे मिटून आहो मी."

"आता मिटले?"

 मग गोवर्धनराव म्हणाले, "बसलो तवापासून. दरसालच मिटतो वं."

प्रेमिलाबाईंना हसू आलं आणि रागही आला. दोन्ही त्यांनी गिळले.

"बरं. फोन बंडीत टाका, वरून बटण लावा, अन् दोन्ही हातानं दांडा धरा. मी येते."

सगळा पसारा सावरत त्या झुलेवाल्याकडे गेल्या. "भैया, वो ऊपरवाला पाळणा नीचे लाओ. उनको उतारो, मेरे को बिठाओ."

गोवर्धनराव उतरले तेव्हा तोंड भाकरीच्या पिठासारखं झालं होतं. ते काही बोलायच्या आत कॅमेरा त्यांच्या गळ्यात पडला. प्रेमिलाबाईंनी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि एकेक फोन त्यांच्या मांडीवर मांडला.

"तुले चक्कर आली तर?" त्यांनी विचारलं.

"आली तर पाहू."

पाळणा उचलला गेला. प्रेमिलाबाईंनी दांडा घट्ट धरला, पण पापणी लवू दिली नाही. स्टेशन खाली गेलं. चहूकडे पांगलेले रूळ उन्हात चकाकत होते. बाजाराचे पत्रे, त्यांच्यामागे आपल्या घराचं छप्पर, मिलच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला धानाचे बांध, सगळं एका नजरेत आलं. पुढच्या पाळण्यातून हर्षाने वळून हात हलवला. प्रेमिलाबाईंनीही हलवला, दांडा सोडून. चक्कर कुठे औषधालाही नव्हती.

खाली बाकड्यावर कोणाचा तरी फोन वाजू लागला असावा. गोवर्धनराव एकेक फोन कानाला लावत होते, मधूनच उलटा धरत होते. "कोणाचा वाजून राहिला वं?" असं काहीसं ते वर तोंड करून ओरडले. प्रेमिलाबाईंनी त्यांनाही हात हलवून दाखवला.

त्या उतरल्या तेव्हा गोवर्धनराव जागचे हलले नव्हते. दोन्ही हातांचं कुंपण करून फोन राखत बसले होते. रोशन आणि हर्षा जवळ येऊन उभे राहिले.

"काय दिसलं?" गोवर्धनरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता.

"सगळं दिसलं. टेसन दिसलं, बाजार दिसला, आपलं घर दिसलं, धानाचे बांध दिसले." प्रेमिलाबाईंनी वाऱ्याने विस्कटलेले केस मागे सारले. "फुलचूर काही दिसत नाही जी. मधात राइस मिल येते."

गोवर्धनरावांनी बंडीचं बटण काढलं, छोटा फोन बाहेर घेतला आणि बाकीच्या फोनांशेजारी मांडीवर ठेवला.