पहिला रोडगा

पुंजारामनं गोवऱ्यांच्या आरातून कणकेचा पहिला रोडगा उकरला, फडक्यानं राख झटकली, तुपात बुचकळला आणि पाहुण्यांच्या ताटात न वाढता सरळ सरपंच गीतांजलीच्या हातातल्या ताटलीत ठेवला.

"हमिदाकडे पोचव."

"मामा, आंधी पाव्हण्यांले वाढा ना."

"गोवऱ्या कोनाच्या?"

गोवऱ्या हमिदाच्या होत्या. या गावात रोडग्यांसाठी गोवऱ्या कोणी विकत घेत नाही. मागून आणायच्या, आणि ज्या घरच्या गोवऱ्या त्या घरी पहिला रोडगा द्यायचा. तो पोचल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. गीतांजलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आजच्या दिवस सगळे विसरतील, एवढीच तिची आशा होती.

शाळेच्या ओसरीत अमरावतीहून आलेले तीन तज्ज्ञ बसले होते. एक विजेचे साहेब, एक अन्नधान्याच्या मॅडम, एक जमिनीचे सर. वीज, अन्न आणि जमीन हे आता वेगवेगळं पाहून चालणार नाही, असं तिघांनीही सकाळपासून आळीपाळीनं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. परतवाड्याच्या रस्त्यावर, सबस्टेशनला लागून गावची ई-क्लास होती, म्हणजे सरकारी चराईची जागा. नकाशावर ती पडीक दिसत होती. तिथं सोलर बसलं की शेतीला दिवसा लाईन. फक्त ग्रामसभेचा होकार हवा होता, आणि ग्रामसभा जेवणानंतर होती.

गीतांजलीला दिवसाची लाईन हवी होती. तिचा नवरा नितेश हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाईनवर जायचा, तेव्हा तो येईपर्यंत ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. मागच्या थंडीत त्याच्या पायाशेजारून घोणस गेली. ते त्यानं कितीतरी दिवसांनी सांगितलं, तेही हसत.

पण त्या ई-क्लासवर हमिदाच्या म्हशी चरत होत्या आणि बकऱ्याही. हमिदाला अजून कोणी काही बोललं नव्हतं.

ताटली पोळत होती. पदरात धरून गीतांजली निघाली.

हमिदा अंगणात गोवऱ्याच थापत होती. "काहून वं? कमी पडल्या काय?"

"नाही चाची. रोडगा आनला."

"पाव्हणे जेवले?"

"तुमच्या आंधी कसे जेवतीन?"

हमिदा खुशीत हात धुवायला उठली. लुगड्याच्या जुन्या धडप्यानं हात पुसत तिनं बाज पुढे सरकवली. गीतांजली बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं. सोलर, ई-क्लास, जेवणानंतरची सभा, सगळं. मधे एकदा ती थांबली, तर हमिदानं मानेनंच पुढं बोल म्हटलं.

"लाईन तं पायजेच," ऐकून झाल्यावर हमिदा म्हणाली. "माहा पोरगा शाहनवाजबी रातीच जाते पान्यावर. मले काय झोप लागते?"

"मंग म्हशी?"

"तेच तं मी तुले विचारून राहिली."

गोठ्यातली म्हैस उगाच एकदा हलली. हमिदानं रोडगा हातानं मोडला, अर्धा आपल्या थाळीत घेतला, अर्धा ताटलीत परत ठेवला.

"हा तू खाय. सकायपासून पोटात काही नसन तुह्या."

गीतांजलीनं खाल्ला नाही. तसाच घेऊन परत आली.

ओसरीत ताटं मांडून झाली होती. विजेचे साहेब घड्याळाकडे आणि मग रोडग्यांकडे पाहत होते. नितेश भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. टेबलावर नकाशा अजून पसरलेलाच होता. गीतांजली नकाशापाशी गेली.

"सर, सबस्टेशनच्या दुसऱ्या अंगाले हे काय हाय?"

जमिनीचे सर ताटावरून उठून आले. "हे ना? खाजगी आहे. बरड. तशी जागा चालण्यासारखी आहे. पण करारात जमीन पंचवीस वर्षं अडकते, मालक तयार होत नाहीत. म्हणून धरली नाही."

"मालकाले विचारलं?"

"मालक कोण आहे?"

मालक वांग्याची भाजी वाढत होता.

त्या बरडातले गोटे नितेश लग्नाच्या आधीपासून दर उन्हाळ्यात वेचत आला होता. सीताफळाची बाग लावायची होती. बांधावर गोट्यांची भिंत कंबरेएवढी झाली होती. सीताफळं अजून व्हायची होती.

नितेशनं बादली खाली ठेवली नाही. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ताटलीकडे.

"अर्धाच काहून वापस आला?"

"अर्धा चाचीनं ठेवला."

"म्हंजे जमीनबी अर्धीच मांगशीन?"

"नाही," गीतांजली म्हणाली. "सगळी लागन."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. हे घरी बोलता आलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. पुंजाराम उगाच राखेत काडी फिरवत राहिला. धान्याच्या मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, पण प्यायल्या नाहीत.

नितेश जमिनीच्या सरांच्या रिकाम्या ताटापाशी गेला. एक पळी भाजी वाढली. मग आणखी थोडी वाढली.

"गोटे वेचून ठेवले हायेत म्हना त्यायले," तो पळीकडे पाहत म्हणाला. "खांब रोवाले सोपं जाईन."