पुढे पळणारं घड्याळ

शहरातल्या प्रयोगशाळेतलं अणुघड्याळ ताई सांभाळायची, दूर डोंगरावरचं तिचा धाकटा भाऊ. केबलने जोडलेली ही दोन्ही घड्याळं जुळती ठेवणं हे त्यांचं काम. आठवडाभर भावाचं घड्याळ किंचित पुढे पळत होतं, रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त.

"लेझर बदलला, केबल तपासली. आता घड्याळच बदलू का?" फोनवर भाऊ वैतागला होता. मागे त्याची चिमुरडी खिदळत होती.

ताईने आकडे पुन्हा पाहिले.

"घड्याळ ठणठणीत आहे रे. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून जितकं उंच जाईल, तितकं ते जोरात पळतं. पोरीला उचल आणि आधी खाली उतर."

"अगं, पण झालं काय?"

 

"विझलेला ज्वालामुखी म्हणतात ना तुमच्या डोंगराला? तो आतून फुगतोय."